हार घातलेली सीनरी

सोलापूरच्या एका लग्नाची फोटोंची ऑर्डर उरकून मी सकाळी नळदुर्गला घरी आलो, बूट काढायला वाकलो आणि मान वर केली तर समोर भिंतीवर आमची रानातली चिंच. काचेत. लाकडी चौकटीत. आमच्या त्या भिंतीवर फोटोंची रांग आहे: पहिला सिद्धेश्वर, मग अज्जा, मग अज्जी, आणि चौथ्या खिळ्याला घड्याळ असायचं. ते बंद पडल्यापासून खिळा रिकामा होता. त्या खिळ्याला चिंच. आणि अप्पा खाली बसून चहाची बशी दोन्ही हातांत धरून तिकडं बघत होते. बशीतल्या चहावर साय धरली होती. अप्पा म्हणजे चहा गार होऊ देणारा माणूस नाही, पाण्याच्या मोटारींच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी आधी कढत चहा घशाखाली जातो आणि मग पाइपाचा भाव निघतो. "श्रीशैलनं काढलाय," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता. "त्याच्या दुकानात बारका लावला व्हता. म्हनलं, हा मोठा करून दे. कसा हाय?" मी म्हणालो, भारी आहे. छातीवर कुणीतरी ओली फरशी ठेवावी तसं झालं. बुटाची नाडी सुटत नव्हती. मी तसाच वाकून राहिलो, कारण वर बघितलं की ती दिसत होती, आणि अप्पा तिच्याकडं बघताना दिसत होते.

ती चिंच आता नाही. हायवेचं रुंदीकरण आलं, रानाचा रस्त्याकडचा बांध त्यात गेला आणि बांधाबरोबर चिंच. तोडायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रानात गेलो होतो. मी, अप्पा आणि माझा दोस्त श्रीशैल. श्रीशैलला मीच घेऊन गेलो, हे लक्षात ठेवायला पाहिजे. मीच फोन केला, चल बे, उद्या चिंच जाणार, लाइट चांगला मिळंल. मी त्या सकाळी काय काय केलं! ड्रोन उडवला, मोबाइलवर काढले, कॅमेऱ्यावर काढले, खाली झोपून, वर चढून. श्रीशैल एका जागी स्टँड लावून उभा, हाताची घडी घालून, जसा काही एसटीची वाट बघतोय. मधे मधे बिस्किट खात होता. माझ्या सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये अप्पा येत होते, खोडाशेजारी टोपी हातात घेऊन उभे. मी ओरडलो, अप्पा, बाजूला व्हा. ऐकू गेलं नाही. मग घरी आल्यावर ॲपमधल्या खोडरबरानं त्यांना उडवलं, बोट फिरवलं की माणूस गायब, त्याच्या जागी ढेकळं आपोआप येतात. दोन सेकंद. माझ्या पेजवर माणसं नसतात, नुसता निसर्ग, हीच माझी स्टाईल आहे, लोक त्यासाठीच फॉलो करतात. चिंचेची रील हजारो लोकांनी बघितली. हैदराबादहून, दुबईहून लोकांनी बदाम पाठवले, एकानं लिहिलं, भाऊ रडवलंस. मी तो फोटो अप्पांना दाखवला होता. दुकानात, मोटारीच्या ग्रीसनं काळा झालेला अंगठा त्यांनी स्क्रीनवर ठेवला आणि फोटो पळाला. पुढं कुणाचं तरी बारसं आलं. ते बारसंच बघत राहिले. "लई भारी," म्हणाले आणि मोबाइल पालथा करून काउंटरवर ठेवला.

मी आणि श्रीशैल एकाच कॅमेऱ्यावर शिकलो, त्याच्या मामाच्या. कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून बघून. त्याचं दुकान बसस्टँडसमोर आहे, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, आणि मागच्या भिंतीला त्यानं काढलेल्या सीनऱ्या टाचणीनं लावलेल्या. बोरी नदी, किल्ल्याचा बुरूज, येरमाळ्याच्या घाटातलं धुकं. मी त्याला किती वेळा म्हणालो, अरे कागदावर कोण बघतंय आता, इन्स्टावर टाक. तो म्हणायचा, टाकतो की, आणि टाकायचा नाही. मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर त्यानं टाकू नये असंच वाटायचं. कारण त्याचे फोटो चांगले असतात हे मला पहिल्यापासून माहीत आहे. माझ्या शंभर फोटोत एक निघतो, तो एकच काढतो. जळतो म्हणतात, पण ते जाळासारखं नसतं. ते फ्रीजच्या आवाजासारखं असतं. कायम चालू, त्यामुळं ऐकू येत नाही. लाइट गेली की एकदम शांत होतं आणि मग कळतं, अरे, एवढा वेळ काहीतरी घुमत होतं. माझी लाइट जातच नव्हती. सकाळी उठलो की चिंच, जेवायला बसलो की चिंच. एवढं मोठं झाड रानात असतानासुद्धा एवढं दिसायचं नाही.

आणि माणसं. मोटारीचं बिल द्यायला कुणी घरी आलं की अप्पा त्याला आधी भिंतीपुढं नेणार. बोट काचेजवळ न्यायचं पण टेकवायचं नाही. "हितं आमचा बांध. हितनं पानी वळायचं. ही फांदी बघा, म्या पोरगा असताना हिच्यावरनं पडलो, हात मोडला." लोक टाचा उंचावून बघायचे, नाकाचा श्वास काचेवर उमटेपर्यंत. माझी एवढी रील कुणी असं श्वास उमटेपर्यंत बघितली असेल असं वाटत नाही. एकदा लोहाऱ्याचे एक पाहुणे म्हणाले, "खाली हे काय, बुजगावनं हाय का?" अप्पा म्हणाले, "व्हय, बुजगावनंच. पाखरं बी भीत न्हाईत त्याला." आणि माझ्याकडं बघून खो खो हसले. मला ती चेष्टा कळली नाही, पण अप्पा हसले, त्या फोटोपुढं हसले, तेवढं बरोबर लागलं.

अव्वाचं, म्हणजे आमच्या आईचं, वेगळंच. आमच्याकडं भिंतीवर काचेत म्हणजे एक तर देव, नाही तर गेलेलं माणूस. तिसरं काही तिच्या डोक्यात बसत नाही. रोज सकाळी पूजा झाली की ती स्टुलावर चढते, सिद्धेश्वराला विभूती, अज्जाला विभूती आणि फुलांचा सर, अज्जीला विभूती आणि सर. चौथ्या दिवशी तिनं चिंचेलाही तीन बोटं ओढली आणि सर घातला. मी म्हणालो, अव्वा, सीनरीला कोण हार घालतं? ती म्हणाली, "गेली न्हवं ती? मग?" अप्पा बशीत फुंकर मारत राहिले. मला हसू आलं आणि लगेच राग आला. श्रीशैलनं काढलेला कागद आमच्या देवांच्या रांगेत, हार घालून. मी काढलेली तीच चिंच माझ्या खिशात, चार्जिंग संपलं की ती पण संपली. तेव्हा ठरवलं, आपण पण प्रिंट काढायची. त्याच्यापेक्षा मोठी.

सोलापूरच्या लॅबमधून आणली. बसमध्ये मांडीवर आडवी धरून, कुणाचा कोपर लागू नये म्हणून अर्धा रस्ता उभा राहून. घरी अप्पांपुढं कागद सोडला. रंग तर असे, आभाळ नुसतं पेटलेलं. अप्पांनी चष्मा लावला, कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या आणि वाकून बघायला लागले. मी त्यांच्या टकलाकडं बघत होतो. एवढा वेळ माझा एक फोटो ते बघतायत, मला आतून गुदगुल्या झाल्यासारखं झालं. मग त्यांचं बोट फिरत फिरत खोडाशेजारी थांबलं. मोबाइलवर कधीच दिसलं नव्हतं, पण त्या कागदावर तिथं एकसारखी तीन ढेकळं होती. तंतोतंत तीच, शेजारी शेजारी, वर तोच गवताचा शेंडा तीनदा. "हितं म्या हुभा व्हतो न्हवं?" अप्पा म्हणाले. रागानं नाही. दुकानात एखादी वस्तू जागेवर नसली की विचारतात तसं. मी म्हणालो, व्हय अप्पा, फ्रेम क्लीन केली. "आसं व्हय," ते म्हणाले. वाट्या उचलल्या. कागद आपोआप गुंडाळला गेला. "ठीव, नीट ठीव. भारी आलाय रंग." तो कागद कपाटावर आहे, अजून.

त्यानंतर मला एकच उद्योग राहिला, श्रीशैलच्या फोटोत खोट काढायची. दुपारी अव्वा शेजारी गेली की मी स्टूल घेऊन चढायचो. क्षितिज जरा वाकडं आहे. आभाळ फिकं आहे. डावीकडची फांदी कापली गेली आहे. एवढं करून त्या फोटोत असं काहीतरी होतं की बघितलं की पायांना ढेकळं टोचायची, सकाळी रानात असतो तो गार वास यायचा, आणि मी अजूनच चिडायचो. एक दिवस मोबाइलची टॉर्च लावून कोपरा कोपरा बघताना ते बुजगावणं बघितलं. खोडाच्या उजवीकडं, बोटभर अंतरावर, ज्वारीच्या धसकटांत. निळा शर्ट. मान खाली. डावा कोपर बाहेर काढलेला. असा कोपर बाहेर काढून मोबाइल कोण धरतं? अव्वा रोज ओरडते, सरळ बस, पाठीला पोक येईल. हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता तो. पण मीच होतो. सगळं आभाळ, सगळी चिंच, आणि खाली मी, मोबाइलमध्ये बघत.

तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं. नाही. पहिला विचार आला तो हा, की आता ही सीनरी खाली येणार. जित्या माणसाच्या फोटोला हार घातलेला आमच्या घरात चालत नाही. लहानपणी मी खेळता खेळता माझ्याच फोटोला फुलांचा सर अडकवला होता तर अव्वानं मला मारलं होतं आणि मग स्वतःच रडली होती. म्हणजे एक वाक्य. एक वाक्य बोललो की श्रीशैलची चिंच खिळ्यावरून खाली. मी ते वाक्य गोळीसारखं जिभेखाली ठेवलं. काही दिवस नुसतं चघळत होतो. आता अप्पा बशी घेऊन बसले तरी मला काही होत नव्हतं, बघा बघा, किती दिवस बघता. अव्वा सर घालताना मानेभोवती मात्र काहीतरी खाजायचं. ती विभूतीची तीन बोटं बरोबर माझ्या डोक्यावरून जायची. हे तिला माहीत नव्हतं, मला होतं.

शेवटी बोललो तेसुद्धा ठरवून नाही. सकाळी अप्पा चहा पीत होते, अव्वा स्टुलावर, हातात शेवंतीचा सर. अप्पा म्हणाले, "त्या श्रीशैलला एकदा जेवायला बोलव रं. पोरगं लई गुणाचं हाय." गुणाचं. एवढाच शब्द. "अव्वा," मी म्हणालो, "त्या सीनरीत मी हाय. ते बुजगावणं न्हाय. मी हाय."

अव्वाचा हात हवेत राहिला. तिनं नाक काचेला लावलं. "निळा शर्ट," मी म्हणालो, "उरुसात घेतलेला." ती स्टुलावरून पडलीच जवळजवळ. "अय्यो शिवा," म्हणाली, कालचा वाळलेला सर तोडून काढला, पदरानं काच पुसायला लागली, एवढी घासली की विभूती सगळीकडं पसरली आणि चिंच पांढरी झाली. "जित्या लेकराला हार घातला म्या? रोज? माझ्या हातानं?" मग अप्पांकडं वळली. "तुमी रोज बसून बघताव. तुमाला दिसलं न्हाय व्हय?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. "दिसतंय की."

"म्हंजे?"

"म्हाईत हाय मला. पहिल्यापासनं. म्हनून तर मोठा करून घेतला."

मला ते नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "मग बोलला का न्हाय?" अव्वाचा आवाज चिरकला. अप्पा मान खाली घालून म्हणाले, "सांगितलं आसतं तर तू टांगू दिला आसतास का? झाडाला घालतीस आसं धरून चाललो म्या. आन हारानं काय हुतंय, नव्या गाडीला न्हाय का घालत हार." "गाडी आन लेकरू एक हाय व्हय?" "एक न्हाय. पन ह्याचा मोठेपनचा एक फोटू न्हाय घरात, उमा. गावाचं फोटू काढत हिंडतंय. ह्याचा कोन काढनार?" माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. मी दारात उभा. मला म्हणावंसं वाटलं की मी खोटं बोललो, ते बुजगावणंच आहे. पण निळा शर्ट दोरीवर वाळत होता.

अव्वानं मला भिंतीकडं पाठ करून उभं केलं, मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन डोक्यावरून उतरवल्या, पुटपुटत, कानडीत, आणि शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही. तिनं तेवढं बघितलं, म्हणाली, बघा, किती दृष्ट होती. चौकट तिनं स्वतः खाली काढली. नदीत सोडा म्हणाली, घरात नको. अप्पांचं तोंड एवढं लहान झालं की मी पटकन बोललो, मला बोलायलाच पाहिजे होतं, "अव्वा, दुसरी प्रिंट काढू. मला उडवू त्यातनं. नुसती चिंच ठेवू. दोन सेकंदाचं काम हाय." अव्वा थांबली. नुसत्या चिंचेला तिची हरकत नव्हती. अप्पा रिकाम्या खिळ्याकडं बघत होते. अप्पांनी काहीतरी बोलावं म्हणून मी थांबलो होतो, हे आता कळतं.

श्रीशैलच्या दुकानात कुणाचा तरी पासपोर्ट फोटो चालला होता. त्याला सगळं सांगितलं. आधी हसला, "तुझ्या अव्वानं तुला जिवंतपणी हार घातला, लेका, पुढाऱ्यालाच मिळतंय हे." मग काय करायचं ते सांगितल्यावर हसायचा थांबला. "नको रं नंद्या. काय उरतंय मग त्यात?" मी म्हणालो, झाड उरतं की. "झाड तर मी आलो तवापासनं हुतं समोर," तो म्हणाला, "तास झाला तरी काढलं न्हवतं मी. तू मधी येऊन हुभारलास, तवा दाबलं बटन." हे तो असं बोलला, चहा सांगू का म्हणतो तसं. मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. माझी शंभर फ्रेमची पळापळ, आणि हा बिस्किट खात माझी वाट बघत होता. "उडव," मी म्हणालो. तो म्हणाला, "माझ्याच्यानं हुनार न्हाय. तुला यतंय न्हवं, कर." आणि खुर्चीवरून उठला.

मी बसलो. मोठा केला. एवढा मोठा की निळ्या शर्टाचे चौकोन चौकोन दिसायला लागले, मान, कोपर, हातातल्या मोबाइलचा एक पांढरा ठिपका. मागं श्रीशैल गिऱ्हाइकाला सांगत होता, दादा, हनुवटी जरा खाली घ्या. मी बोट फिरवलं. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. धसकटं आली.

जुनी प्रिंट अप्पा स्कूटरवर पुढं उभी धरून घेऊन गेले. परत आले तेव्हा हातात नुसती रिकामी चौकट आणि काच. "सोडली का?" अव्वानं विचारलं. "व्हय," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. बोरीला त्या दिवशी पाणी होतं का नव्हतं, मला माहीत नाही. दुकानात गल्ल्याखाली एक खण आहे, अप्पा त्यात जुन्या पावत्या ठेवतात. तो खण मी अजून उघडला नाही. उघडला आणि ती तिथं नसली तर.

आता चौथ्या खिळ्याला परत चिंच आहे, त्याच चौकटीत. अव्वा निवांत स्टुलावर चढते, विभूती लावते, सर घालते. पाहुणे आले की बघतात, म्हणतात वा, काय झाड होतं. अप्पा त्यांना बांध दाखवत नाहीत. सकाळी ते दाराकडं तोंड करून बसतात, भिंतीकडं पाठ, फुंकर मारून चहा कढत कढत पितात आणि दुकानाला जातात. श्रीशैलची सीनरी आता कुणी पहिल्यासारखी बघत नाही. मला पाहिजे होतं ते झालं, फ्रीज बंद पडायला पाहिजे होता. मी बघतो. अप्पा गेले की त्यांच्या जागेवर बसतो. खोडाच्या उजवीकडं, बोटभर अंतरावर, धसकटांचं एकच बुडखं तीनदा आलंय, एकसारखं, नीट बघितलं तर दिसतं. तिथं एकजण उभा होता. त्याच्याकडं बघता बघता अप्पांच्या बशीत साय धरायची. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत होता. श्रीशैलचं आता काही वाटत नाही. मी त्याच्यावर जळतो, त्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या माणसावर.